वेढा उठेपर्यंत

बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या चौतिसाव्या अध्यायावर कुणी प्रवचन केलेलं मी आजवर ऐकलेलं नाही. मी नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती मंडळीत वाढले, त्यामुळे प्रवचनांची कमतरता होती असं अजिबात नाही. रविवारची उपासना, उपवासकाळातल्या सभा, वर थंडीत मैदानावर मंडप टाकून चालणाऱ्या पुनरुज्जीवन सभा, आणि या सगळीकडे यिर्मया हटकून असायचाच. कुंभाराचं चाक यायचं, बदामाची काठी यायची, 'मी अजून लहान आहे, मला बोलता येत नाही' हे यायचं, आणि एकोणतिसाव्या अध्यायातलं ते हिताच्या संकल्पांचं वचन तर कॅलेंडरवर, फ्रिज मॅग्नेटवर, स्टेटसला, कुठेकुठे दिसतं ते विचारूच नका. (त्याच्या बरोब्बर आधीच्या ओळीत देव म्हणतोय की बाबेलात, म्हणजे बॅबिलोनमध्ये, सत्तर वर्षं काढा, मग बघू. ती ओळ मॅग्नेटवर कुणी छापत नाही.) पण चौतीस? छे. मी तो अध्याय वाचला तो असाच, बरीच मोठी झाल्यावर, एका दुपारी पानं पुढेमागे करताना, आणि मग पुढचे कित्येक दिवस डोक्यातून जाईना.

तिथे पोचायच्या आधी थोडं मागचं सांगायला हवं. यिर्मया हा अनाथोथचा. गूगल मॅपवर 'अनाता' टाका, यरुशलेमच्या ईशान्येला जेमतेम पाचेक किलोमीटरवर दिसेल, म्हणजे राजधानीतून चालत निघालं तर तास-सव्वा तास. याजकांच्या घरातला मुलगा. योशीया राजाच्या तेराव्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ६२७ च्या सुमाराला, त्याला बोलावणं आलं आणि तिथून पुढे चाळीस वर्षं हा माणूस एकच गोष्ट सांगत राहिला की वळा, अजून वेळ आहे. आणि या चाळीस वर्षांत जग कसं उलटंपालटं होत होतं बघा. ६१२ ला निनवे पडलं, ज्या अश्शूरची दहशत दोनशे वर्षं होती ते संपलं. ६०९ ला योशीया मगिद्दोला मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, फारोच्या हातून मारला गेला. ६०५ ला कर्कमीशला बाबेलने मिसरला झोडपलं. यहूदा म्हणजे डोंगराळ मुलखातलं एवढंसं राज्य, दोन बलाढ्य साम्राज्यांच्या मधल्या रस्त्यावर, आज याला खंडणी दे, उद्या त्याला दे, आणि दरबारात कायम दोन पार्ट्या, एक मिसरवाली, एक बाबेलवाली.

अशा वेळी लोकांना धीर देणारे संदेष्टे हवे असतात आणि ते मिळतातही. सगळं ठीक आहे, शांती आहे, मंदिर आपल्याकडे आहे मग आपल्याला कोण काय करणार. यिर्मयाने मंदिराच्याच दारात उभं राहून यावर जे सुनावलं ते सातव्या अध्यायात आहे. 'परमेश्वराचं मंदिर, परमेश्वराचं मंदिर' हा जप बंद करा म्हणाला, तुम्ही चोऱ्या करता, खोट्या शपथा वाहता आणि मग इथे येऊन आम्ही सुरक्षित आहोत म्हणता, हे मंदिर आहे की लुटारूंची गुहा? आणि मग अटी सांगितल्या. परक्यावर जुलूम करू नका, अनाथ-विधवांना नाडू नका, निर्दोषाचं रक्त सांडू नका, दुसऱ्या देवांमागे जाऊ नका. मला यात जाणवलं ते हे की त्या यादीत छाती पिटणं नाही, रडणं नाही. सगळ्या अटी बाहेरून दिसणाऱ्या, शेजाऱ्याला तपासता येतील अशा.

याबद्दल त्याला जिवंत सोडायचं नाही असंच याजकांनी ठरवलं होतं. वाचला कसा, तर काही वडीलधाऱ्यांना आठवलं की शंभर वर्षांपूर्वी मोरेशेथचा मीखा पण असंच बोलला होता, सियोन, म्हणजे यरुशलेमच, नांगरलं जाईल म्हणून, आणि तेव्हाच्या हिज्कीया राजाने त्याला मारलं नव्हतं, उलट घाबरून देवाची विनवणी केली होती. शिवाय शाफानचा मुलगा अहीकाम पाठीशी उभा राहिला. सगळ्यांचं नशीब असं नसतं. उरीया नावाचा अजून एक संदेष्टा हेच बोलत होता, तो मिसरला पळाला, राजाने माणसं पाठवून त्याला तिथून धरून आणला आणि तलवारीने मारून प्रेत सामान्य लोकांच्या कबरस्तानात फेकलं. तो चार ओळींत येतो आणि संपतो.

आता तो प्रसंग, जो सगळ्यांना माहीत असतो. राजा यहोयाकीम. यिर्मयाला मंदिरात यायला बंदी होती, म्हणून त्याने वीस-बावीस वर्षांचं सगळं बोलणं आपल्या लेखनिकाला, बारूखला, सांगितलं आणि बारूखने ते गुंडाळीवर शाईने उतरवलं. का, तर कदाचित लोक ऐकतील आणि वळतील. हे 'कदाचित' देवाच्याच तोंडी आहे, आणि ज्याला पुढचं सगळं ठाऊक आहे त्याने कदाचित म्हणावं याचं मला फार नवल वाटतं. मग यहोयाकीमच्या पाचव्या वर्षी नवव्या महिन्यात, साधारण आपल्या डिसेंबरात, उपास पुकारला गेला, गावोगावचे लोक यरुशलेमात आले, आणि बारूखने मंदिराच्या वरच्या अंगणात गमऱ्या नावाच्या दरबाऱ्याच्या खोलीतून ती गुंडाळी वाचली. त्याच महिन्यात बाबेलच्या राजाने, नबुखद्नेस्सरने, समुद्रकाठचं अष्कलोन शहर घेतलं आणि ढिगारा करून टाकलं असं बाबेलच्या बखरीत, म्हणजे ब्रिटिश म्युझियममध्ये असलेल्या मातीच्या पाटीवर, लिहिलेलं आहे. म्हणजे तो उपास उगाच नव्हता. दोन-तीन दिवसांच्या वाटेवर एक शहर पेटलेलं, आणि इथे गर्दीसमोर एक लेखनिक उभा राहून वाचतोय की बाबेलचा राजा येणार आहे.

दरबाऱ्यांनी ऐकलं, एकमेकांकडे बघितलं, बारूखला सांगितलं की तू आणि यिर्मया आधी कुठेतरी लपा. मग गुंडाळी राजापुढे गेली. राजा हिवाळी महालात बसलेला, पुढ्यात शेगडी धगधगतेय. एकजण वाचतोय, तीन-चार रकाने वाचून झाले की राजा बोरू तासायच्या चाकूने तेवढा तुकडा कापतो आणि शेगडीत टाकतो. परत तीन-चार रकाने, परत चाकू. असं पूर्ण गुंडाळी संपेपर्यंत. म्हणजे त्याने रागाच्या भरात फाडून टाकली असं नाही, ऐकली पूर्ण, एक अक्षर न सोडता, आणि मग जाळली. रागावलेल्या माणसाला गाठता येतं, असं निवांत ऐकून घेणाऱ्याला कसं गाठणार? तिघांनी विनवलं की महाराज जाळू नका, त्यातला एक गमऱ्या, ज्याच्या खोलीतून वाचन झालं होतं तोच. राजाने ऐकलं नाही.

हा गमऱ्या शाफानचा मुलगा. १९८२ साली यरुशलेमच्या जुन्या भागात, ज्याला दाविदाचं नगर म्हणतात तिथे, यिगाल शिलो यांच्या उत्खननात एका जळक्या घरात मातीचे एक्कावन्न शिक्के सापडले. दस्तऐवज गुंडाळून दोरी बांधायची आणि गाठीवर ओल्या मातीचा गोळा दाबून मुद्रा उमटवायची अशी पद्धत. त्यातल्या एकावर चक्क 'गमऱ्याहू बेन शाफान' आहे. बहुतेक तोच हा. बारूखच्या नावाचे शिक्के पण निघाले होते, पण ते उत्खननातून आलेले नाहीत, पुराणवस्तूंच्या बाजारातून आलेत आणि बनावट असल्याचा दाट संशय आहे, तेव्हा त्यांच्या नादी मी लागत नाही. गमऱ्याच्या शिक्क्याची गंमत अशी की कच्च्या मातीचा तो गोळा एरवी कधीच विरून गेला असता. बाबेलच्या सैन्याने शहर पेटवलं, त्या आगीत पपायरस सगळे खाक झाले आणि माती मात्र भाजून पक्की झाली. म्हणून तो माणूस आपल्यापर्यंत पोचला. आणि त्या जळालेल्या गुंडाळीचं म्हणाल तर यिर्मयाने दुसरी आणवली, बारूखला परत बसवलं, सगळं पुन्हा सांगितलं आणि वर तशाच आणखी बऱ्याच गोष्टी घातल्या. हे वाक्य वाचून मला दर वेळी हसू येतं. जाळ म्हणावं, आणखी लिहितो.

तर यहोयाकीम व्हिलन, हे आपल्या सगळ्यांना सोपं जातं. पण यिर्मयाचं त्याच्याशी मूळ भांडण काय होतं ते बाविसाव्या अध्यायात आहे, आणि ते गुंडाळी जाळण्याबद्दल नाहीच. ते राजवाड्याबद्दल आहे. मिसरच्या फारोने याला गादीवर बसवलं आणि शंभर किक्कार (त्या काळचं वजनाचं माप) चांदी आणि एक किक्कार सोनं दंड ठोकला, तो याने लोकांवर कर बसवून वसूल केला. आणि त्याच काळात स्वतःसाठी मोठा ऐसपैस महाल, वरच्या माड्या, रुंद खिडक्या, गंधसरूची तावदानं, त्यावर हिंगुळाचा लाल रंग. यरुशलेमच्या दक्षिणेला रामात राहेलला दगडी खिडकीचे नक्षीदार कठडे सापडले तेव्हा हाच तो महाल असं काही पुरातत्त्ववाल्यांनी सुचवलं होतं, सगळ्यांना ते मान्य नाही. असो. यिर्मयाचा आक्षेप महालावर पण नाही. आक्षेप हा की शेजाऱ्याकडून फुकट काम करून घेतोस आणि त्याची मजुरी देत नाहीस. गंधसरूच्या लाकडात चढाओढ केली म्हणून तू राजा झालास काय? तुझा बाप योशीया खात-पीत होताच की, पण तो न्यायाने वागला, गरिबाची बाजू घेतली. आणि मग एक वाक्य येतं जे मला सगळ्या यिर्मयात सगळ्यात जड वाटतं. देव म्हणतो, मला ओळखणं म्हणजे हेच नव्हे काय?

आमच्याकडच्या सभांमध्ये एक गृहस्थ असायचे, बांधकामाची कामं घेणारे. पुढे येऊन गुडघे टेकून रडायचे, अगदी हुंदके देऊन, बघणाऱ्याच्या पण डोळ्यात पाणी यायचं. त्यांच्या एका कामावरचा गवंडी मंडपाच्या बाहेर सायकल लावून उभा असायचा, दोन महिन्यांचे पैसे थकलेले म्हणून, की सभा सुटली की साहेब भेटतील. साहेब सभा सुटल्यावर पाळकांबरोबर दुसऱ्या दाराने जेवायला जायचे. मला ते रडणं खोटं वाटत नव्हतं, आजही वाटत नाही. अडचण तीच आहे. ते खरं रडत होते आणि गवंडी खरा उभा होता.

आता चौतीस. वर्ष साधारण इ.स.पू. ५८८. यहोयाकीम मेला, त्याच्या मुलाने ५९७ ला बाबेलपुढे शरणागती पत्करली, पहिली हद्दपारी झाली, आणि नबुखद्नेस्सरने स्वतःच्या मर्जीतला म्हणून सिद्कीयाला राजा केलं. सिद्कीया वाईट माणूस नव्हता, लेचापेचा होता, म्हणजे यिर्मयाला गुपचूप बोलावून विचारणार की काही संदेश आहे का, आणि मग सरदार म्हणतील त्याला मान डोलावणार. त्याने बंड केलं, बाबेलचं सैन्य आलं, वेढा पडला. एकेक गाव पडत गेलं. चौतिसाव्या अध्यायातच लिहिलंय की तटबंदीची शहरं म्हणून यहूदात आता दोनच राहिली होती, लाखीश आणि अजेका. आणि १९३५ साली लाखीशच्या वेशीतल्या एका खोलीत खापरांवर शाईने लिहिलेली पत्रं सापडली, त्यातल्या चौथ्या पत्रात कुठल्यातरी चौकीवरचा माणूस आपल्या वरिष्ठाला कळवतोय की आम्ही लाखीशच्या आगीच्या इशाऱ्यांवर नजर ठेवून आहोत, कारण अजेका दिसत नाहीये. म्हणजे एक दिवा गेलेला. वाचताना पोटात गोळा येतो अक्षरशः.

अशा वेळी यरुशलेमात काय झालं, तर राजाने सगळ्या लोकांशी करार केला की प्रत्येकाने आपापले इब्री दास आणि दासी मोकळे करायचे. हे दास म्हणजे लढाईत पकडून आणलेले परके नव्हेत, आपलेच भाऊबंद. आमच्या भागातल्या माणसाला हे फार समजावून सांगावं लागत नाही. ऊसतोडीला जाणारी जोडपी दसऱ्याच्या आधी मुकादमाकडून उचल घेतात, सीझनभर तोडतात, हिशेब होतो तेव्हा उचल फिटलेली नसते, मग पुढच्या सालाला परत त्याच मुकादमाकडे. तिकडेही असंच, पीक बुडालं की कर्ज, कर्ज फिटलं नाही की आधी पोरं आणि मग स्वतः सावकाराच्या घरी. मोशेच्या नियमशास्त्रात यावर सोय होती, सहा वर्षं राबला की सातव्या वर्षी सोडायचा, आणि रिकाम्या हाताने नाही, शेरडं-मेंढरं, धान्य, द्राक्षारस देऊन. नियम होता, कुणी पाळत नव्हतं. पिढ्यान् पिढ्या.

आणि आता पाळला. करार साधासुधा नव्हता, मंदिरात, देवासमोर, वासरू मधोमध कापून त्याच्या दोन भागांच्या मधून चालत जायचं अशी ती पद्धत, म्हणजे मी शब्द मोडला तर माझं या वासरासारखं होवो. सरदार गेले, खोजे गेले, याजक गेले, जमीनदार गेले. आणि खरंच माणसं सोडली.

यावर अभ्यासक लोक म्हणतात की यात भक्तीबिक्ती काही नसेल. वेढ्यात धान्य संपत आलेलं, दासांना खायला कोण घालणार, मोकळे केले की आपापलं बघतील, शिवाय तटावर लढायला माणसं हवीत आणि मोकळा माणूस जास्त जोराने लढतो. शेतं शहराबाहेर, शत्रूच्या ताब्यात, मग दासाला काम तरी काय होतं? मला हे सगळं पटतं. पण त्या अध्यायात देव काय म्हणतो ते बघा. तो म्हणतो, तुम्ही वळलात, आणि माझ्या दृष्टीने योग्य ते केलंत. बस. तुमचा हेतू स्वार्थी होता असं म्हणत नाही, भीतीपोटी केलंत म्हणून मोजणार नाही असं म्हणत नाही. केलंत, बरोबर केलंत.

हे वाचल्यावर मी जरा थांबलेच. कारण पश्चात्ताप म्हटलं की आम्हाला शिकवलंय ते सगळं आतलं. मन खरंच मोडलंय का, हेतू शुद्ध आहे का, भीतीने करतोयस की प्रेमाने. आणि त्या शुद्धतेची परीक्षा घेण्यात इतका वेळ जातो की गवंड्याचे पैसे राहूनच जातात. इथे देवाने त्या शहराच्या मनात डोकावून बघायला काय हरकत होती, त्याला ते जमतं. पण त्याने दास दारातून बाहेर पडताना बघितले आणि म्हणाला ठीक. भीतीने सोडलेला माणूस पण सुटलेलाच असतो ना. त्याला काय पडलंय मालकाचा हेतू कसा होता त्याचं.

मग मिसरचं सैन्य निघालं. फारो हफ्रा मदतीला येतोय ही बातमी आली, बाबेलवाल्यांनी वेढा उठवला आणि त्याला सामोरे गेले. तटावरून बघितलं असेल लोकांनी, तंबू उतरतायत, धूळ उडतेय, आणि मग रिकामं रान. शहरात काय जल्लोष झाला असेल! आणि त्यानंतरचं वाक्य बायबलमध्ये अगदी कोरडं आहे, की त्यांनी ज्या दासदासींना मोकळं केलं होतं त्यांना परत आणलं आणि पुन्हा दास केलं. गरज सरो, वैद्य मरो.

ते एका वाक्यात आहे पण ते एका वाक्यात झालं नसणार. घराघरात माणसं गेली असतील. एखादी दासी कुठेतरी आडोशाला आपली चूल मांडून बसली असेल, काही आठवडेच झाले असतील, आणि दारात जुना मालक, सोबत दोन गडी. शेतं परत मोकळी झाली होती ना, आता हात हवे होते. यांच्यातल्या कुणाचंही नाव नाही, एक शब्द नाही. त्या काळच्या मजुराचा आवाज ऐकायचा तर तो दुसरीकडे ऐकावा लागतो, समुद्रकाठी याव्ने-यामजवळच्या एका किल्ल्यात १९६० मध्ये सापडलेल्या खापरावर, यिर्मयाच्याच जन्मातलं आहे ते. कापणी करणाऱ्या एका मजुराने अधिकाऱ्याला दिलेला अर्ज. मी माझी कापणी पुरी केली, कोठारात भरली, आणि शोबायचा मुलगा होशयाहू आला आणि माझा अंगरखा घेऊन गेला. माझ्याबरोबर उन्हात कापणी करणारे सगळे भाऊ साक्ष देतील. माझा अंगरखा परत द्या. शाई पुसट झालीये, शेवट तुटलाय, पण तक्रारीचा सूर आजच्या कुठल्याही लेबर ऑफिसबाहेरचा आहे.

यिर्मया तेव्हा जे बोलला त्यात ओरड कमी आणि उपरोध जास्त आहे. तुम्ही आपल्या भावांना मोकळीक जाहीर केली नाहीत ना, बरं, मग मीच जाहीर करतो, तलवारीला मोकळीक, साथीला मोकळीक, दुष्काळाला मोकळीक. आणि ते वासरू आठवतंय ना? त्याच्या मधून गेलेल्यांना मी त्या वासरासारखं करीन. गेलेलं सैन्य परत येईल. मिसरवर विसंबून बसलेल्यांना तर त्याने असंही सुनावलं की तुम्ही बाबेलचं अख्खं सैन्य हरवलंत आणि त्यांच्यात फक्त जखमी लोक उरले, तरी ते जखमी आपापल्या तंबूतून उठतील आणि हे शहर जाळतील.

वेढा उठलेल्या त्याच दिवसांत यिर्मया वडिलोपार्जित जमिनीच्या कामासाठी अनाथोथकडे निघाला तर वेशीवर पकडलं, तू शत्रूला मिळायला चाललायस म्हणून, मारलं आणि कोठडीत टाकलं. नंतर सरदारांनी राजाकडे तक्रार केली की हा सैनिकांचे हात ढिले करतो, देशद्रोही आहे. (लाखीशच्या दुसऱ्या एका पत्रातही जवळजवळ हेच शब्द आहेत, अमक्यांचं बोलणं हात ढिले करणारं आहे म्हणून. त्या काळचा चालता आरोप होता हा, आणि कुठला काळ असा गेलाय ज्यात तो नव्हता.) त्याला दोरांनी एका टाकीत सोडलं, पाणी नाही, नुसता चिखल, आणि तो चिखलात रुतला. त्याला बाहेर कुणी काढलं? कुणा याजकाने नाही, गमऱ्याच्या भाऊबंदांनी नाही. एबद-मलेख, राजवाड्यातला कूशी खोजा, आजच्या सुदानकडचा, ज्याच्या नावाचाच अर्थ राजाचा दास. त्याने राजाकडे जाऊन सरळ सांगितलं की या लोकांनी वाईट केलंय, माणूस भुकेने मरेल. मग परवानगी घेऊन कोठीच्या खोलीखालून जुन्या चिंध्या, फाटके कपडे गोळा केले, दोराने खाली सोडले आणि वरून सांगितलं, या काखेत घे, दोराच्या आत घे, म्हणजे काचणार नाही. चाळीस वर्षांच्या त्या सगळ्या भविष्यवाण्यांमध्ये ही एक सूचना मला फार मोठी वाटते. माणसाला वर खेचताना त्याची काख सोलवटेल हे ज्याच्या लक्षात आलं तो स्वतः कधीतरी दोराने ओढला गेला असणार, असं आपलं मला वाटतं.

बाबेलचं सैन्य परत आलं. रोटीवाल्यांच्या आळीतून यिर्मयाला रोज एक भाकरी मिळायची, शहरातली भाकर संपेपर्यंत. तट फुटला, सिद्कीया रात्री पळाला, यरीहोच्या मैदानात सापडला, त्याच्या डोळ्यांदेखत मुलं मारली आणि मग ते डोळे काढले. मंदिर जळलं. इ.स.पू. ५८७, काही जण ५८६ धरतात.

त्या जळण्याचा उपास आपल्या कोकणात शतकानुशतकं पाळला गेलाय. अलिबाग-पेणकडचे बेने इस्राएल यहुदी, घाण्यावर तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना शनिवार तेली म्हणायचे, ते आव या यहुदी महिन्याच्या नवमीचा हा उपास वालाचं बिरडं खाऊन सोडायचे, म्हणून त्याला बिरड्याचा रोजा म्हणत. मला हे कळलं तेव्हा फार भारी वाटलं होतं. त्यांच्यातल्या जाणत्यांना त्या दिवशी मंदिराबरोबर हे दासांचं प्रकरण पण आठवत असेल का, की आमच्यासारखंच, मंदिर आठवतं आणि चौतिसावा अध्याय राहतो?

बाकी राहिलं ते एकोणचाळिसाव्या अध्यायातलं, पुन्हा एकच वाक्य. शहर पडल्यावर बाबेलच्या पहारेकऱ्यांचा सरदार नबूजरदान याने कारागीर, उरलेसुरले लोक बांधून बाबेलला नेले, पण ज्यांच्याकडे काहीच नव्हतं अशा गरिबांना मागे ठेवलं आणि त्याच दिवशी त्यांना द्राक्षमळे आणि शेतं दिली. ही तीच माणसं, सोडलेली आणि परत धरून आणलेली, असं कुठे लिहिलेलं नाही, पण काहीच नसलेली माणसं त्या शहरात दुसरी कोण असणार? सातव्या वर्षी दासाला रिकाम्या हाताने पाठवू नको, हे मोशेने सांगितलेलं. ते करायला परमुलखातला एक फौजी अधिकारी यावा लागला, तोही अर्थात स्वतःच्या सोयीसाठीच, जमीन पडीक राहिली तर बाबेलला सारा कुठून मिळणार. पण द्राक्षमळे द्राक्षमळेच होते. पुढच्याच अध्यायात, परागंदा झालेले यहूदी मिस्पाला परतले तेव्हा, लिहिलंय की त्या हंगामात द्राक्षारस आणि उन्हाळी फळं अमाप गोळा झाली.